प्रेमलाबाईंनी दिलेली माती

भिलाईच्या वैशाली नगरात आमचं आणि खंडाऱ्यांचं घर एकाच भिंतीचं. आम्ही बौद्ध, ते ख्रिस्ती. माझे वडील भंडाऱ्याकडचे, शेजारचे शेषराव काकाजी गोंदियाकडचे, आणि दोघंही इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये एकाच वर्षी लागलेले. काकाजी कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर होते. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या खोकल्यावरून ते घरात आहेत की बाहेर, हे आम्हाला भिंतीपलीकडून कळायचं. प्रेमलाबाई त्यांची बायको. मी सांगणार आहे ते त्यांच्याबद्दल. मी त्यांच्या चर्चच्या मंडळीतली नाही, त्यामुळे काही गोष्टी मला नीट कळल्या नसतील. पण जे झालं त्यातलं बरंचसं माझ्यासमोर झालं, आणि जे समोर झालं नाही ते त्यांनीच मला नंतर कधी कधी सांगितलं.

त्यांचे वडील गोंदियाला रेल्वेत पॉइंट्समन होते. मिशनच्या शाळेत मॅट्रिक झाल्यावर प्रेमलाबाई दोन वर्षं सेविकेचं शिक्षण घ्यायला गेल्या. तिथं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल शिकवत, पेटी वाजवायला शिकवत, आजारी माणसाजवळ कसं बसावं, लहान मुलांना गोष्ट कशी सांगावी हेही शिकवत. शेवटच्या महिन्यात त्यांनी तिथल्या मॅडमना विचारलं की पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू व्हायचं असेल तर पुढं काय शिकावं लागतं. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. मॅडम हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. एखादी चांगली मंडळी बघ, त्यात एखादा चांगला माणूस बघ आणि लग्न कर, एवढंच म्हणाल्या. पुढच्या वर्षी शेषरावांशी लग्न झालं आणि त्या भिलाईला आल्या.

भिलाईत चर्च पुष्कळ आहेत. हिंदीतले, मल्याळीतले, तेलुगूतले. आमच्या भागातल्या मराठी ख्रिस्ती घरांची उपासना मात्र एकाच ठिकाणी व्हायची. सुपेल्याच्या चौकापलीकडे, वेल्डिंगच्या दुकानांमागच्या गल्लीत त्यांचा एक हॉल होता. आधी टिनाचा, मग स्लॅबचा झाला. चाळीसेक घरं. पाळकसाहेब रायपूरला राहत आणि महिन्यातून दोन रविवार येत. बाकीचे दिवस त्या हॉलचं आणि त्या चाळीस घरांचं सगळं प्रेमलाबाई बघत. चावी त्यांच्याकडे असायची. शनिवारी झाडून पुसून बाकं लावायची, रविवारी सकाळी मुलांची शाळा घ्यायची, उपासनेत पेटी वाजवायची. आठवडाभर घरोघर जायचं. कोणाची सून रुसून गेली, कोणाला लकवा झाला, कोणाच्या पोराची नोकरी सुटली, तिथं त्या जाऊन बसायच्या आणि प्रार्थना करायच्या. मंडळीतली कोणी बाई वारली की तिला आंघोळ घालून पांढरं लुगडं नेसवायला त्याच जायच्या.

मंडळीचा कारभार सात वडिलांकडे होता. वडील म्हणजे निवडून दिलेले पुरुष. त्यांचे प्रमुख भय्याजी थोरात, रोलिंग मिलमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. उंच, आवाज भरदार. हॉलमध्ये पुढं लाकडी व्यासपीठ होतं, दोन पायऱ्यांचं. बाईनं खाली उभं राहून बायबलमधला पाठ वाचावा, प्रार्थना करावी, गाणी सांगावीत, पण व्यासपीठावर चढून प्रवचन करू नये, असा तिथला नियम होता. प्रेमलाबाई दर शनिवारी ते व्यासपीठ पुसायला वर चढायच्या, तेवढंच.

आता यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ज्या रविवारी पाळकसाहेब येत नसत त्या रविवारी भय्याजी प्रवचन वाचायचे. ते प्रवचन प्रेमलाबाई लिहून द्यायच्या. शाळेच्या रेघांच्या कागदावर, मोठ्या अक्षरात, कुठं थांबायचं तिथं खूण करून. वीस-बावीस वर्षं हे चाललं. लोक बाहेर पडताना भय्याजींचा हात हातात घेऊन म्हणायचे की आज मनाला लागलं. प्रेमलाबाई तेव्हा गाण्याची पुस्तकं गोळा करत असायच्या. भय्याजींच्या बायकोला, कांताबाईंना, हे माहीत होतं. दोघी एकाच वर्षी भिलाईत आलेल्या, महिला मंडळात तीस वर्षं बरोबर. कांताबाई प्रवचन चालू असताना मागं वळून प्रेमलाबाईंकडे बघायच्या आणि भुवई उडवायच्या. हे सांगताना प्रेमलाबाईंना हसू यायचं.

माझी आई राधाबाई आमच्या विहारात दर रविवारी वंदना घेते. तिनं एकदा प्रेमलाबाईंना विचारलं होतं की तुम्ही लिहिता तर तुम्हीच कावून बोलत नाही. त्या म्हणाल्या, लोकांच्या कानात गेल्याशी मतलब, कोणाच्या तोंडून गेलं त्याचं काय. आईनं घरी येऊन ते मला सांगितलं. विहाराच्या समितीच्या फळ्यावर आईचंही नाव कधी लागलेलं नव्हतं.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये दुर्ग जिल्ह्यात लॉकडाऊन लागला. तो महिना ज्यांनी इथं काढला त्यांना मी काय सांगणार. मी सुपेल्यात रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये काम करत होते, त्यामुळे माझ्याकडे पास होता आणि स्कूटी होती. मंडळीतल्या सिंधुताई नावाच्या विधवा बाई सगळ्यात आधी गेल्या. मुलगा-सून दोघंही पॉझिटिव्ह, घरात बंद. पाळकसाहेब रायपुरात स्वतः तापानं पडलेले, आणि ते उठले असते तरी रस्ते बंद. असं ठरलं की पाळकसाहेब फोनवरून दफनविधी वाचतील आणि कोणीतरी कबरीपाशी फोन धरून उभं राहील. ते कोणीतरी कोण, यावर वडिलांचं दिवसभर फोनवर बोलणं चाललं. सातांपैकी तिघं आजारी, बाकीच्यांच्या घरचे त्यांना बाहेर सोडेनात. शेवटी प्रेमलाबाईंनी सांगितलं की मी जाते. त्यांचं वय तेव्हा अडुसष्ट. काकाजी रागावले. मग माझ्या आईला म्हणाले की ती ऐकणारी बाई असती तर मी काय बोललोच नसतो का आजवर. मला म्हणाले, पोरी, तू घेऊन जा तिले, ऑटो मिळून नाही राहिला.

अशी मी त्यांच्याबरोबर गेले. ख्रिस्ती कब्रस्तानाच्या एका कोपऱ्यात नवे खड्डे खणलेले होते. पालिकेची चार माणसं पांढरे किट घालून ॲम्ब्युलन्समधून आली. आम्हा दोघींनाही किट घालायला लावलं. प्रेमलाबाईंनी लुगड्यावरूनच ते चढवलं, आणि हातात फोन धरून कबरीच्या डोक्याशी उभ्या राहिल्या. पाळकसाहेबांचा खोकत खोकत आवाज येत होता. तीन-चार ओळी झाल्या आणि फोन कटला. त्यांनी परत लावला, लागेना. मी माझ्या फोनवरून लावला, नेटवर्कच नव्हतं. पालिकेचा एक माणूस म्हणाला, अम्मा, पीछे दो और गाड़ी खड़ी है.

प्रेमलाबाईंनी फोन माझ्याकडे दिला. मग पाळकसाहेबांनी जिथं सोडलं होतं तिथून त्यांनी पुढं म्हणायला सुरुवात केली. सगळं पाठ होतं त्यांना. चाळीस वर्षं दुसऱ्यांना म्हणताना ऐकलेलं. आवाज मास्कमधून घुसमटत होता, तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला. ती चार माणसं खांद्यावरचे दोर हातात घेऊन थांबली. शेवटी त्यांनी वाकून माती उचलली, तीनदा टाकली, आणि सिंधुताईंना नावानं हाक मारून निरोप दिला.

घरी आल्यावर त्यांनी पाळकसाहेबांना फोन करून झालेलं सांगितलं. मी त्यांच्या ओट्यावर हात धुवत होते, स्पीकर चालू होता. पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही बरोबर केलं बाई. आता मी उठेपर्यंत तुम्हीच करा. माझ्या वतीनं करा." हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

सत्तावीस दिवसांत त्यांनी नऊ जणांना माती दिली. प्रत्येक वेळी मी बरोबर होते असं नाही, सहा वेळा होते. तिथं दगड नव्हते, क्रूस बसवायला माणसं नव्हती. एकीकडे एक खड्डा बुजतोय तोवर शेजारी दुसरा. कोण कुठं आहे हे पुढं कळायचं नाही म्हणून प्रेमलाबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक पान फाडून घेतलं आणि त्याच्या पाठीवर नकाशा काढायला लागल्या. नीलगिरीचं झाड, नळ, कंपाउंडची भिंत, आणि झाडापासून किती पावलं. प्रत्येक ठिकाणी नाव.

पाचव्या कांताबाई. भय्याजी तेव्हा स्वतः ऑक्सिजनवर होते, त्यांना बायको गेल्याचं चार दिवस कोणी सांगितलं नाही. मुलगा निखिल बंगळुरात. त्यानं व्हिडिओ कॉल लावून ठेवायला सांगितला होता, पण त्या कोपऱ्यात नेटवर्क येत नाही हे आम्हाला आता माहीत होतं. प्रेमलाबाईंनी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. पालिकेच्या माणसांनीही घाई केली नाही. विधी संपल्यावर त्या कांताबाईंशी बोलल्या, साध्या बोलण्यात, शेजारणीशी बोलावं तसं. भय्याजीची काळजी करू नको, तो बरा होऊन राहिला, असं सांगितलं. परत येताना स्कूटीवर त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता. मागं कोणी रडत असलं की पाठीला कळतं. मी सुपेल्यापर्यंत हळूच चालवली.

सव्वीस एप्रिलला काकाजींना ताप आला. नमुना मीच घेतला. बेड मिळायला दोन दिवस गेले, मिळाल्यावर ते तीन दिवस होते. त्यांची फुप्फुसं कोक ओव्हननं आधीच खाल्लेली होती. प्रेमलाबाई त्यांना शेवटचं भेटू शकल्या नाहीत. दवाखान्याच्या फाटकातून एका वॉर्डबॉयच्या हातून त्यांनी आत धुतलेला टॉवेल आणि डब्यात वरणाचं पाणी पाठवलं, ते पोचलं की नाही तेही कळलं नाही.

आई म्हणाली, तुम्ही आज नका करू, दुसऱ्या कोणत्या चर्चच्या पाळकाला विचारू. मी दोन ठिकाणी फोनही लावले. एक उचलत नव्हते, एक स्वतः तीन दफनांच्या रांगेत होते. प्रेमलाबाई तयार होऊन बाहेर आल्या आणि स्कूटीपाशी उभ्या राहिल्या.

कबरीपाशी त्यांचा चष्मा वाफेनं पांढरा झाला. काढून पुसताही येईना. त्यांनी न बघता सुरुवात केली. नवऱ्याचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. जिथं मृताला "हा आमचा भाऊ" म्हणायचं असतं तिथं त्या अडखळल्या. आतापर्यंत सात वेळा त्या ते वाक्य म्हणून गेल्या होत्या, "भाऊ" किंवा "बहीण". त्या थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "हा माझा नवरा." मग पुढचं सगळं नीट म्हटलं, एक शब्दही न चुकता. माती तीन मुठी टाकायची असते. त्यांनी किती टाकली मी मोजली नाही. मी त्यांना धरून मागं आणलं.

काकाजी आठवे होते. नववा गुड्डू. रेल्वेत होता, चौतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. प्रेमलाबाईंच्या रविवारच्या शाळेत शिकलेला. काकाजींना माती देऊन तिसऱ्या दिवशी गुड्डूची बायको फोनवर नुसती रडत होती. प्रेमलाबाईंनी मला भिंतीवरून हाक मारली आणि विचारलं, स्कूटीत पेट्रोल आहे का.

ऑगस्टमध्ये हॉल पुन्हा उघडला. मंडळीत रिकाम्या जागा दिसायला लागल्या. भय्याजी वाचले होते, पण अर्धे झाले होते, काठी घेऊन यायचे. सप्टेंबरात वडिलांची सभा झाली आणि हॉलच्या दारावर सूचना लागली. महामारीच्या काळात ज्यांचं दफन विधिवत होऊ शकलं नाही त्या सर्वांचा दफनविधी पाळकसाहेबांच्या हस्ते कब्रस्तानात होईल, तारीख अमुक. खाली नऊ नावं होती.

ती सूचना प्रेमलाबाईंनी वाचली तेव्हा शनिवार होता. त्या झाडायला गेल्या होत्या. घरी येऊन त्यांनी आईला विचारलं, "राधाबाई, विधिवत म्हनजे काय वो?"

सभेत काय झालं ते त्यांना नंतर कळलं. मागणी भय्याजींचीच होती. माझ्या बायकोला पाळकानं माती दिलेली नाही, एका बाईनं दिली, शास्त्रात त्याला आधार नाही, असं ते म्हणाले. मग दुसऱ्या दोन घरांनी री ओढली. गुड्डूच्या बायकोनं कळवलं की माझ्या माणसाचं झालेलं आहे, मला नको. तिचं कोणी ऐकलं नाही, करायचं तर सगळ्यांचं एकत्र करू असं ठरलं. पाळकसाहेब सभेत होते. तुम्हीच माझ्या वतीनं करा असं आपण सांगितलं होतं, हे ते बोलले नाहीत. मला आजही ते कळत नाही. चांगला माणूस होता. नंतर एकदा सुपेल्यात भेटले तेव्हा त्यांनी माझी नजर चुकवली.

मी प्रेमलाबाईंना म्हटलं की मी येते, सगळ्यांसमोर सांगते मी काय ऐकलं ते. त्या म्हणाल्या, "तू बाहेरची हायेस पोरी. तुहं ऐकतीन अन् म्हनतीन, हिले घेऊन आली. मले ते नको." मग म्हणाल्या की पाळकसाहेबांनी स्वतः म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

पण एक अडचण होती. कोणाची कबर कुठं, हे कोणालाच माहीत नव्हतं. पावसाळ्यात तो कोपरा गवतानं भरून गेला होता, मातीचे उंचवटे बसले होते. कॅलेंडरचं पान फक्त प्रेमलाबाईंकडे होतं. दोन वडील त्यांच्या घरी आले. मी तिथंच होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं की तो नकाशा मिळाला तर बरं होईल. प्रेमलाबाईंनी चहा ठेवला. कप हातात देऊन झाल्यावर म्हणाल्या की नकाशा कोणाला समजणार नाही, पावलं माझी आहेत, मीच येऊन दाखवीन. त्यांना तो देऊन टाकता आला असता, फाडून टाकता आला असता, मला तर त्यांनी तो फाडावा असंच वाटत होतं. मी नंतर ते बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "भय्याजीनं आपल्या बायकोची माती पाहाली नाही, सुजाता. त्याले पाहू दे."

ठरलेल्या तारखेला, एका शनिवारी सकाळी मंडळीतली सत्तर-ऐंशी माणसं आली. मीही गेले, फाटकाजवळ उभी राहिले. प्रेमलाबाई हातात ते पान घेऊन पुढं, मागं झगा घातलेले पाळकसाहेब, मागं लोक. नीलगिरीपासून त्या पावलं मोजत जायच्या, थांबायच्या, पायानं गवत बाजूला सारायच्या आणि नाव सांगायच्या. मग त्या बाजूला व्हायच्या आणि पाळकसाहेब विधी म्हणायचे. तेच शब्द. पहिल्या सिंधुताई. दुसरे, तिसरे, चौथे.

कांताबाईंपाशी भय्याजींनी पाळकसाहेबांना हात करून थांबवलं. ते काठीवर वाकून त्या जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी प्रेमलाबाईंना विचारलं, सगळ्यांसमोर, पण आवाज अगदी खाली गेलेला.

"हीच का नक्की?"

"हीच. बारा पावलं."

"तिले... काय काय म्हनलं होतं तुम्ही?"

प्रेमलाबाईंनी सांगितलं. कोणतं स्तोत्र म्हटलं, कोणतं गाणं म्हटलं, कांताबाईंच्या आवडीचं, दोनच कडवी, कारण मागं गाडी उभी होती. प्रेताची पिशवी बंद होती म्हणून तोंड दिसलं नाही, पण पट्टीवरचं नाव आपण दोनदा वाचून पाहिलं, हेही सांगितलं. आणि शेवटी म्हणाल्या, "मी तिले सांगतलं, का भय्याजी बरा होऊन राहिला. काळजी करू नको."

भय्याजींची काठी खाली पडली. बंगळुराहून आलेल्या निखिलनं त्यांना धरलं. ते लहान मुलासारखे रडले, सगळ्यांसमोर, आणि रडताना त्यांनी प्रेमलाबाईंचा हात धरला होता. मला वाटलं आता ते म्हणतील की राहू द्या, झालं आहे. पाळकसाहेबांनाही तसंच वाटलं असावं, त्यांनी पुस्तक खाली केलं होतं. पण भय्याजींनी डोळे पुसले, हात सोडला, आणि पाळकसाहेबांना म्हणाले, सुरू करा.

प्रेमलाबाई बाजूला झाल्या.

काकाजींच्या जागेपाशी आल्यावर त्यांनी नाव सांगितलं आणि त्या बाजूला झाल्या नाहीत. पाळकसाहेब थांबले. प्रेमलाबाई म्हणाल्या, "इथलं राहू द्या पाळकसाहेब. इथलं झालं हाये." कोणीतरी मागून म्हणालं की सगळ्यांचं करायचं ठरलं आहे. त्या वळल्या नाहीत. पाळकसाहेबांनी दोन पावलं मागं घेतली आणि रांग गुड्डूच्या कबरीकडे गेली. गुड्डूची बायको मुलींना घेऊन प्रेमलाबाईंजवळच उभी राहिली, पुढं गेली नाही.

यानंतर भांडण झालं नाही. उलट नाताळच्या वेळी मंडळीनं प्रेमलाबाईंना शाल दिली, महामारीतल्या मदतीबद्दल. त्यांनी घेतली. मार्चमध्ये मंडळीला पूर्ण वेळचे तरुण पाळक मिळाले, ते हॉलच्या मागंच राहायला आले, म्हणून चावी त्यांच्याकडे गेली. त्यांची बायको पेटी वाजवायची. घरोघर जाणंही त्या दोघांनी सुरू केलं. कोणी प्रेमलाबाईंना नको म्हटलं नाही. त्यांचं काम एकेक करून संपलं. भय्याजींना आता प्रवचन वाचायची गरज नव्हती, त्यामुळे रेघांचे कागदही थांबले. त्या तिसऱ्या बाकावर बसून ऐकायच्या. पुढच्या पावसाळ्यात त्यांची धाप वाढली. मला वाटतं त्यांनाही तेव्हा कोविड झाला होता आणि त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. दोन हजार तेवीसमध्ये त्यांनी घर भाड्यानं दिलं आणि दुर्गमधल्या बोरसीला भाची निशाकडे राहायला गेल्या.

गेल्या वर्षी मंडळीनं ठराव केला की बायकांनाही वडील म्हणून निवडता येईल. तरुण पाळकांनीच जोर लावला होता. पहिलं नाव प्रेमलाबाईंचं सुचलं आणि ते स्वतः बोरसीला आले. प्रेमलाबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की मला आता चार पायऱ्या चढवत नाहीत, कानांनीही कमी ऐकू येतं, गुड्डूच्या बायकोला विचारा. गुड्डूच्या बायकोला त्यांनी केलं. ती चांगलं काम करते असं ऐकते.

मी महिन्यातून दोन-तीन रविवारी बोरसीला जाते. मागच्या थंडीत एकदा निशा बाजारात गेली होती आणि आम्ही दोघीच अंगणात बसलो होतो. मी कशावरून तरी कब्रस्तानातल्या त्या शनिवारचा विषय काढला. म्हटलं, तुम्हाला भय्याजींचा राग नाही आला का. त्या म्हणाल्या की राग नाही आला, त्याचं दुःख मोठं होतं, त्याला कुठंतरी ते ठेवायचं होतं. मग बराच वेळ त्या स्वेटरच्या बाहीचा धागा ओढत बसल्या.

"राग नाही आला पोरी. पन दुसरं झालं. तो पाळक म्हनत होता ना, तेच शब्द, माह्याच समोर, तवा मले एक घडी वाटलं, का माहं पोचलंच नसन. तवापासून ते जाऊन नाही राहिलं." मग त्या म्हणाल्या, "आठ जनायचं त यानं पुन्हा केलं. शेषरावचं मी करू देलं नाही. माहं पोचलं नसन, त तो एकटाच राहिला ना."

मी त्यांच्या देवाला मानत नाही, कोणाचं काय कुठं पोचतं हे मला माहीत नाही. मी एवढंच म्हटलं की मी तिथं होते, मी सगळं ऐकलं.

"तुले नीट ऐकू आलं होतं? मास्क होता."

"शब्द न् शब्द."

त्यांनी मान हलवली. निशा आली, तिनं ऑक्सिजनचं मशीन लावायची वेळ झाली म्हणून त्यांना आत नेलं.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा त्यांनी खुर्ची जवळ ओढायला सांगितली आणि विचारलं, शेषरावच्या वेळी तुला नीट ऐकू आलं होतं का. मी म्हटलं, आलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारीही विचारलं. अजूनही विचारतात.